आमच्या घरातला वारा

कुत्र्याविषयी लिहायचे म्हटले, की त्याच्या इमानाचे गोडवे गायचे असा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढणारा कुत्रा, दत्तगुरूंच्या पायांशी बसलेले चार, खंडोबाच्या घोड्याबरोबर धावणारा, दंतकथेतला रायगडावरचा वाघ्या, या सगळ्यांनी आपापल्या धन्याची शोभा वाढविली. त्यांच्यापैकी कोणी चपला कुरतडल्याचे, पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवल्याचे किंवा घरातल्या बाईला न्हाणीघराचे दार लावून रडायला लावल्याचे कुठेही नमूद नाही. माझा विषय नेमका तो आहे. कुत्रा चांगला की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवू. त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसांच्या मनाचे काय होते, ते सांगावे असे मला वाटते. कारण आमच्या घरी गेली चार वर्षे पाखऱ्या आहे.

पाखऱ्या हे नाव मी ठेवलेले नाही. तो आला तोच ते घेऊन. २०२१ च्या श्रावणात घनसावंगीकडच्या एका खेड्यातला माझा विद्यार्थी पोत्याच्या पिशवीतून एक पिल्लू घेऊन दारात उभा राहिला. टाळेबंदीत मुले घरात कोंडून काढलेली, धाकटीने बोलणेच कमी केलेले, आणि एकदा ऑनलाइन तासाच्या शेवटी मी सहज म्हणून गेले होते, की घरात एखादे मुके जनावर असते तर बरे झाले असते. वर्गात सहज बोललेले शब्द विद्यार्थी लक्षात ठेवीत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. या मुलाने तो खोटा ठरविला.

"मॅडम, कारवानाचं हाय. लय चपळ निघतंय बघा," तो म्हणाला. ही सूचना होती हे मला तेव्हा कळले नाही. मला ती प्रशंसा वाटली.

कारवान म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. दख्खनच्या पठारावर, आमच्या मराठवाड्यात आणि खाली कर्नाटकात, लांब पायांचा, खोल छातीचा आणि कंबरेत इतका बारीक की पाहणाऱ्याने "याला खायला घालीत नाहीत का?" असे विचारावे, असा एक शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. अंगावर केस आखूड असले तर कारवान, लांब रेशमी असले तर पश्मी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ गावावरून त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला तिची जोडी भेट दिली, असा इतिहास सांगतात. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळला मान मिळाला. २०१६ च्या सुमारास त्याची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात शिकायला गेली. असे हे खानदान. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. दूर माळावर काहीतरी हलले, की डोळ्यांनी पकडायचे आणि मग मेंदूला विचारण्याच्या भानगडीत न पडता पायांनी निघायचे. मैलभर माळ समोर असेल तर हा गुण आहे. आमच्या अंगणाची लांबी बावीस फूट आहे.

पहिले दोन महिने कौतुकात गेले. पिल्लू सगळ्यांचेच गोड असते. धाकटी पुन्हा बोलू लागली, ही त्याची पहिली कमाई, आणि ती मी आजही त्याच्या खात्यावर जमा धरते. दसऱ्यानंतर मात्र पाय लांबू लागले. दिवाळीत त्याने फाटकावरून उडी घेतली. नाताळच्या सुटीत दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा एक खंड खाल्ला. १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत त्या मंडळींनी सात खंडांत मराठी भाषा बांधून ठेवली. त्यांतल्या एकाचा पाखऱ्याने एका दुपारी पार भुगा केला. तो संच मला माझ्या गुरुजींनी निवृत्तीच्या वेळी दिला होता. मी त्या कागदांच्या ढिगात बसून होते आणि तो माझ्याभोवती आनंदाने गिरक्या घेत होता. त्याला वाटले असावे, की आज बाई खाली बसल्या म्हणजे खेळायला आल्या.

मग हौदाचा प्रसंग. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येणे ही चैन आहे. जालन्याच्या माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही; २०१२ चा दुष्काळ ज्याने इथे काढला तो हात धुतानाही हिशेब करतो. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पाणी आले, पहाटे उठून हौद भरला, आणि झाकण बसविण्यापूर्वी पाखऱ्या त्यात उतरला. चिखलाच्या पायांनी. बाहेर काढल्यावर त्याने अंग झटकले ते वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांजवळ. हे काही बोलले नाहीत. त्यांनी मोटार लावून हौद उपसला, टँकरवाल्याला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. कारण पिल्लू माझ्या विद्यार्थ्याचे. घरात भांडण कुत्र्यावरून होते असे म्हणतात ते खरे नाही. कुत्रा निमित्त असतो. "तुझा विद्यार्थी" आणि "तुमची हौस" या दोन शब्दांखाली आमची पंधरा वर्षांची सगळी जुनी बाकी निघाली.

सासूबाईंचे तर हाड मोडले. फेब्रुवारीत त्या देवळातून आल्या, हातात प्रसाद होता, आणि पाखऱ्याने स्वागताला झेप घेतली. त्यात दुष्टावा नव्हता. पण पंचाहत्तरीच्या बाईला प्रेमाचा धक्काही धक्काच असतो. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. त्या त्याला कधी शिव्या देत नसत. फक्त तो खोलीत आला की पाय वर घेऊन पलंगावर बसत आणि माळ ओढीत. ते बसणे मला शिव्यांहून जड जाई.

लोकांचे सल्ले येतच होते. तुम्ही लाडावून ठेवलाय. एकदा चांगला बडवा. शेतावर सोडून द्या. जेवण कमी करा. जेवण वाढवा. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण तर मला आठवड्यातून दोनदा ऐकावी लागे, मराठीच्या प्राध्यापिकेला! एकदा चिडून मी मराठीतले कुत्र्याचे सगळे वाक्प्रचार मनाशी मोजले. धोब्याचा कुत्रा, कुत्र्याची छत्री, कुत्र्याचे जिणे, कुत्र्याच्या मौतीने मरणे, हाल कुत्रा खाणार नाही. शेकडो वर्षे जो आपल्या उंबऱ्यावर झोपतो त्याच्यासाठी भाषेने एक चांगला शब्द राखून ठेवू नये, याचे नवल वाटले. आणि त्याच वेळी हेही वाटले, की ही भाषा घडविणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी पाखऱ्या असावा.

पण सल्ल्यांहून वाईट होते ते हळूहळू येणारे एकटेपण. पाहुणे येईनासे झाले. आम्ही कोणाकडे रात्रीचे राहायला जाईनासे झालो. बहिणीच्या मुलीच्या बारशाला मी एकटी सकाळच्या गाडीने संभाजीनगरला गेले आणि दुपारच्या गाडीने परत आले. शेजारच्या वहिनी पूर्वी दुपारी कुंपणापाशी येऊन घटकाभर बोलत. त्यांनी येणे सोडले, कारण कुंपणापाशी कोणी आले की पाखऱ्या तिथे असे. महाविद्यालयातून घरी येताना कोपऱ्यावर माझी पावले आपोआप मंद होत. आपल्याच घरी जाण्याचा कंटाळा येणे ही गोष्ट मी कोणापाशी बोलू शकत नव्हते. सासू, नवरा, मुले यांच्याविषयी तक्रार करायला बाईला सतरा जागा असतात. कुत्र्यामुळे रडू येते असे सांगितले तर लोक हसतात.

आता होळीचा दिवस सांगते. तो वगळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

त्या आठवड्यात बी.ए.च्या वर्गाला संत नामदेव चालू होते. नामदेवांचे नरसी आमच्याकडच्याच हिंगोली जिल्ह्यातले, तेव्हा ते शिकविताना मराठवाड्याच्या माणसाला थोडा जास्तच जोर येतो. नामदेवांची ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: कुत्र्याने पोळी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. मी ती रंगवून सांगितली. सर्वांभूती परमेश्वर म्हणजे काय यावर पाऊण तास बोलले. मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले.

दोन दिवसांनी होळी. मनगटाच्या प्लास्टरमुळे सासूबाई स्वयंपाकात नव्हत्या. सकाळपासून पुरण मी एकटीने शिजविले, वाटले, आणि पोळ्या करून परातीत रचल्या. नैवेद्याचे पान वाढायला वळले तेवढ्यात पाखऱ्या आत शिरला. परात खाली आली. दोन पोळ्या तोंडात, बाकीच्या पायाखाली. मी लाटणे फेकले, ते लागले नाही. मग खुंटीवरचा त्याचा पट्टा काढला आणि त्याला कोपऱ्यात गाठून मारले. किती मारले ते मोजले नाही. तो ओरडला नाही. तो जमिनीशी चपटा झाला आणि त्याला तिथेच लघवी झाली. माझा हात थांबला तो धाकटी दारात उभी होती म्हणून. ती काही म्हणाली नाही. आत गेली.

तुपाची वाटी ओट्यावरच होती.

पाखऱ्या रात्री माझ्याजवळ आला, नेहमीसारखा. कुत्री मनात ठेवीत नाहीत असे म्हणतात आणि त्याने आपले समाधान करून घेतात. मलाही तसे वाटले. पण दुसऱ्या दिवशी मी दोरीवरचे कपडे काढायला हात वर केला, तेव्हा दहा हातांवर झोपलेला तो कुत्रा झोपेतून उठून खाली दबला. ते पुढे दोन-अडीच महिने चालले. हात वर करायचा म्हणजे आधी त्याच्याकडे पाहायचे, हा माझा परिपाठ झाला.

त्या आठवड्यात मी एका निवृत्त पशुवैद्यांकडे गेले. गावात त्यांची ख्याती गाई-म्हशींसाठी. कुत्र्यासाठी येणाऱ्यांना ते थोडे हसतच घेतात. त्यांनी पाखऱ्याला उभे केले, छाती पाहिली, पाय पाहिले, दात पाहिले, रेबीजच्या लशीची तारीख विचारली, आणि मला म्हणाले, "बाई, याला आजार काही नाही. याला नोकरी नाही."

मग त्यांनी विचारले, फिरवता किती? ह्यांनी अभिमानाने सांगितले, की रोज पहाटे सायकलबरोबर घाणेवाडीच्या रस्त्याने पाच किलोमीटर पळवतो. आधी तीन पळवीत होतो, त्याने भागेना म्हणून वाढविले. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पैलवान तुम्हीच तयार करता, आणि मग तालीम कमी पडते म्हणून माझ्याकडे येता."

हे मला आयुष्यात कोणी सांगितले नसते तर कळले नसते. दमविले म्हणजे शांत होईल, हा आमचा हिशेब. पण पळणाऱ्या जातीचा कुत्रा पळण्याने दमत नाही, पळण्यात तरबेज होतो. त्याला दमवायचे तर नाकाने आणि डोक्याने. डॉक्टरांनी सांगितले तसे आम्ही एक जुने गोणपाट घेतले, त्याच्या घड्यांत ज्वारीच्या भाकरीचे तुकडे लपविले आणि ते त्याच्यापुढे टाकले. वीस मिनिटे तो हुंगत, उलगडत, शोधीत राहिला. नंतर त्याच गोणपाटावर झोपला. दुपारी, उजेडी, सगळे घर जागे असताना पाखऱ्या झोपलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. मोठा कुत्रा दिवसरात्रीत बारा-चौदा तास तरी झोपतो. आमचा निम्माही झोपत नव्हता, आणि झोपेला आलेल्या तान्ह्या मुलासारखा अधिकच धुमाकूळ घालीत होता. आम्ही त्याला चेकाळला म्हणत होतो. तो जागरणाने शिणला होता.

दुसरे काम स्वस्थ बसण्याचे. एक चटई ठरविली. तो तिच्यावर आपण होऊन बसला की काही न बोलता उकडलेल्या अंड्याचा तुकडा. उठला तर रागावायचे नाही, तुकडा नाही एवढेच. अंडे घरात शिजविण्यावरून सासूबाईंचा प्रश्न होता. अंगणात वेगळी शेगडी मांडून तो सुटला. पहिल्या दिवशी तो चटईवर चार सेकंद बसला. हे मी वहीत लिहिले आहे.

त्या वहीविषयी दोन शब्द. शंभर पानी, रेघी, मुलाच्या शाळेतली उरलेली. रोज रात्री मी तिच्यात एकच शब्द लिही: वाईट, बरा किंवा चांगला. महिनाअखेर मोजले तेव्हा मला वाटले होते की पंचवीस दिवस तरी वाईट निघतील. निघाले अकरा. मन हिशेब कसा ठेवते पाहा! एका होळीचे सात दिवस करते. पुढे मी त्या वहीत माझ्याविषयीही लिहू लागले: आज ओरडले, आज नाही. ती दोन खाती शेजारी ठेवल्यावर दिसले, की माझे वाईट दिवस त्याच्या वाईट दिवसांच्या आधी येतात, नंतर नव्हे. परीक्षांचे दिवस, ह्यांच्याशी अबोला, पाण्याचा वार. मी दारातून आत येई तीच ताणलेली, आणि तो ते हवेतून घेई.

आणखी एका गोष्टीने मला फार धीर आला, ती पुढे वाचनात आली. २०२० साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांचे वाटाडे म्हणून तयार होणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचे असताना जी पिल्ले आपल्या सांभाळणाऱ्याचे 'बस' ऐकत, तीच आठ महिन्यांची झाल्यावर त्याचे ऐकेनाशी झाली. मात्र अनोळखी माणसाने सांगितले तर बसत. म्हणजे हे वय वाढत्या मुलामुलींसारखेच, आणि त्यातला हट्ट खास घरच्या माणसासाठी राखलेला! होळीला पाखऱ्या नऊ महिन्यांचा होता. टपालवाल्याने "बैस रे" म्हटले की तो बसे आणि मी म्हटले की पळे, याचा मी किती अपमान मानला होता. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २०२४ मध्ये पिल्लू घरी आणणाऱ्या माणसांच्या मनाचेच मोजमाप केले. चिंता, वैताग आणि थकवा, अशी त्या खिन्नतेची तीन अंगे त्यांनी दाखविली. बाळंतपणानंतर काही दिवस बाईचे मन जसे उदास होते, तिच्याशी तिचे नाते लावले. फिनलंडच्या बर्फात बसूनही कोणी बाई न्हाणीघरात जाऊन रडते हे कळल्यावर मला जे वाटले त्याला आनंद म्हणणे बरे नव्हे, पण दुसरा शब्द सापडत नाही.

असे सगळे मार्गाला लागत होते. चटईवर चार सेकंदांची वीस मिनिटे झाली होती. आणि २०२२ ची दिवाळी आली.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. फटाक्यांची वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री ८ ते १० अशी ठरवून दिली आहे. आमच्या गल्लीत ती कोणाच्याच घड्याळात नाही. संध्याकाळी सहालाच फाटकाबाहेर हजाराची लड लागली. पाखऱ्या तेव्हा अंगणात बांधलेला. कारवानाची मान डोक्याहून जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढ घेतली की डोक्यावरून सुटतो. हे आज मला ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांनी रुंद, ओढ बसली की आवळणारा पट्टा आजच आणावा. त्या दिवशी मी धावत बाहेर आले तेव्हा रिकामा पट्टा साखळीला लोंबत होता.

हे आणि मुलगा स्कूटरवर निघाले. मोतीबागेकडे, स्टेशनकडे, कुंडलिकेच्या पुलावर, नव्या जालन्यात. मी घरी थांबले. पूजा मांडलेली होती, ती केली. मुलीला जेवू घातले. मग पुढच्या खोलीत येऊन बसले. चटई रिकामी होती. दार उघडे होते आणि त्यातून कोणी आत झेपावत नव्हते. आणि मला बरे वाटले.

हे वाक्य मी तीन वर्षे लिहू शकले नाही. तासभर तरी, कदाचित जास्तच, माझ्या मनात दुःख नव्हते, सुटका होती. उद्या पहाटे पाचला उठायचे नाही. नाताळात पुण्याला जाता येईल. सासूबाई पाय खाली सोडून बसतील. तो कुठे गेला असेल हा विचार येई, पण तो या विचारांच्या रांगेत मागे उभा राही. मग बाहेर पुन्हा एक लड लागली, आणि आवाज झाल्याबरोबर माझी नजर चटईकडे गेली, तो घाबरला का ते पाहायला. तिथून पुढे मला रडू आवरेना.

साडेबाराला दोघे परत आले. हात रिकामे. हे फाटक लावायला निघाले तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "राहू दे उघडं. लक्ष्मी यायची ती येईल, पण त्या मुक्या जिवाला वाट नको का?" मनगट त्यांचे अजून थंडीत दुखत होते.

तो पाचला आला. फिरायला जायच्या ठरल्या वेळी, घड्याळ पाहिल्यासारखा. चिखलाने भरलेला, पुढच्या उजव्या पायाच्या गादीला चीर पडलेली. झेप नाही, गिरकी नाही. सरळ चटईवर जाऊन बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी अंडे उकडायला उठले.

सुटका वाटली ही लाज मात्र मनात राहिली, आणि तिच्यातून मी एक उलट गोष्ट केली: त्याच सुटीत विद्यार्थ्याला फोन करून म्हटले, की याला तुमच्याकडे परत न्या. मला वाटले, ज्या बाईला असे वाटते तिने जनावर ठेवू नये. मुलगा आला, घेऊन गेला. गावाकडे मोकळे रान, धावायला जागा. आता तो सुखी होईल. चौथ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन. "मॅडम, ह्यानं कोंबडी मारली. शेजाऱ्याची. अन् रातभर दाराशी रडतंय, कुणाला झोपू देत न्हाई. तुमचं शहरी कुत्रं तुम्ही न्या." आम्ही गेलो, कोंबडीचे पैसे दिले आणि घेऊन आलो. शेतावर सोडले म्हणजे सगळे कुत्रे सुधारतात, असे सांगणाऱ्यांपैकी कोणाच्या शेतावर ते कुत्रे जाते, याची चौकशी कोणी करीत नाही.

जनावर दुसऱ्या घरी देणे पाप आहे असे मी मानत नाही. ज्या घराला ते झेपत नाही आणि दुसऱ्या एखाद्याला झेपते, तिथे ते जाणेच बरे, आणि देणाऱ्याला त्यासाठी मान खाली घालावी लागू नये. पण गाडीत घालून हमरस्त्यावरच्या ढाब्यापाशी सोडून येणे हा वेगळा प्रकार आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, अन्नपाण्यावाचून जनावराचे हाल होतील अशा रीतीने त्याला कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. असे टाकलेले कुत्रे आमच्याकडे हमरस्त्यावर ओळखू येतात. ते प्रत्येक मोटारीकडे पाहतात.

त्यानंतर आम्ही घरात एक वाटणी केली, आणि मला वाटते, पाखऱ्याच्या कोणत्याही शिक्षणापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला. सकाळ ह्यांची, संध्याकाळ मुलाची, गोणपाट धाकटीचे. आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, माझा त्याच्याशी काही संबंध नाही. मी महाविद्यालयातून उशिरा येते, ग्रंथालयात बसते, मैत्रिणीकडे चहाला जाते. आरंभी ह्यांनी नाक मुरडले. मी म्हटले, बुधवार नसेल तर गुरुवारीही मी नाही. त्या बुधवारामुळे गुरुवारी मला तो आवडतो, एवढे मी प्रामाणिकपणे सांगू शकते. शेजारच्या वहिनींकडे मी स्वतः गेले, झाल्या त्रासाची क्षमा मागितली, आणि तो कुठल्या वेळी अंगणात नसतो ते सांगितले. त्या आता त्या वेळी येतात.

दिवाळीत दुपारीच त्याला दमवून ठेवतो. मधल्या खोलीच्या खिडक्या बंद, पंखा, रेडिओ मोठा. सासूबाई जपाची माळ घेऊन आत बसतात. म्हणतात, मला बाहेरचा धूर सोसत नाही. बाहेर काही फुटले, की पाखऱ्या तोंड त्यांच्या पलंगाखाली घालतो, बाकीचा दोन हात लांब देह बाहेरच. त्या पाय वर घेत नाहीत.

तो सुधारला का, असे विचारतात. चार वर्षांचा झाला. फाटकावरून अजून उडी घेतो, मांजर दिसली की माझा खांदा अजून निखळतो, आणि गेल्या महिन्यात त्याने शब्दकोशाच्या पुरवणी खंडाचा पुठ्ठा चाटून पाहिला, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की गल्लीत माणसे बाहेर आली. वहीत लिहिले: वाईट. दुसऱ्या दिवशी: बरा.

आमच्या विभागात नव्यानेच रुजू झालेल्या एका तरुण प्राध्यापकांना कारवानाचे पिल्लू हवे आहे. त्यांना त्याची चाल फार आवडली. माझ्या विद्यार्थ्याचा नंबर मागत होते. मी म्हटले, नंबर देईन, पण आधी एक दिवस पहाटे पाचला आमच्याकडे या, पाखऱ्याला फिरवायला न्या. येतो म्हणाले. त्याला आता तीन आठवडे झाले. रोज स्टाफरूममध्ये भेटतात आणि उद्या नक्की म्हणतात.